ज्या तापाला दारव्ह्याचे नाव मिळाले नाही

रोगांच्या नकाशावर काही गावे कायमची बसली आहेत. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी कॉक्सॅकी नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या दोन मुलांच्या विष्ठेत १९४८ मध्ये एक अनोळखी विषाणू सापडला आणि तेव्हापासून जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत त्या गावाचे नाव छापले जाते. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलाला १९५७ मध्ये हा मान मिळाला. १९६५ मध्ये तो नागपूरच्या चांदीपुऱ्याकडे आला. या गावांत रोग जास्त होता आणि शेजारच्या गावांत कमी, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. त्या ठिकाणी कुणीतरी योग्य वेळी नमुना घेतला, तो नीट सांभाळून पाठवला आणि पलीकडे तो तपासणारी प्रयोगशाळा होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याचे नाव कोणत्याही विषाणूला नाही. दारव्ह्याच्या पंचक्रोशीतली मुले पिढ्यानपिढ्या पावसाळ्यात तापली, डोके धरून रडली, त्यांनी उलट्या केल्या, त्यांची मान ताठली. त्यांतली बहुतेक आठवड्याभरात पुन्हा खेळायला लागली आणि काही लागली नाहीत. पण या सगळ्याचा कागदोपत्री इतिहास शोधायला गेले की हाती कोरे पान येते. हे पान कोरे का राहिले, हाच या लेखाचा विषय.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा, कारण या गोष्टीतला अर्धा अंधार शब्दांनीच केलेला आहे. मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती पातळ आवरणे असतात. त्यांना सूज आली की तो मेनिंजायटिस. खुद्द मेंदूच्या गाभ्याला सूज आली की तो एन्सेफलायटिस. पहिल्यात मूल तापते, डोके असह्य दुखते, उजेड सहन होत नाही, हनुवटी छातीला टेकत नाही, पण ते शुद्धीवर असते. दुसऱ्यात ते बरळते, झटके येतात, शुद्ध हरपते. विषाणूमुळे झालेला मेनिंजायटिस बहुधा आपोआप बरा होतो. जिवाणूमुळे झालेला उपचार न मिळाल्यास जीव घेतो. क्षयाचा मेनिंजायटिस आठवडेच्या आठवडे घेत पोर पोखरतो. मराठी वर्तमानपत्रांत या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे: मेंदूज्वर. मरणाची बातमी आली की तो छापला जातो. त्यामुळे ज्या प्रकारात मूल मरत नाही, तो प्रकार वाचकाच्या लेखी अस्तित्वातच नसतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: विषाणूजन्य मेनिंजायटिससाठी किती मुले इस्पितळात दाखल झाली, या आकड्याला आपण रोगाचा इतिहास समजतो, प्रत्यक्षात तो रस्त्यांचा, सुईचा, प्रयोगशाळेचा आणि नोंदवहीतल्या रकान्यांचा इतिहास असतो. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावाकडून पाहिले की ही गोष्ट जितकी स्वच्छ दिसते तितकी मोठ्या शहरातून दिसत नाही.

लोकभाषेकडे पाहिले तरी हेच आढळते. देवी, गोवर, कांजिण्या, गालगुंड, घटसर्प, डांग्या खोकला ही सगळी नावे गावाने ठेवली, डॉक्टरांनी नाही. यांतला प्रत्येक आजार अंगावर दिसतो किंवा कानाला ऐकू येतो. पुरळ दिसते, गाल फुगलेला दिसतो, खोकल्याची धाप ओसरीपर्यंत ऐकू येते. मेंदूच्या आवरणाची सूज कुणाला दिसणार? तिला गावात स्वतःचे नाव मिळाले नाही. ताप डोक्यात गेला, आकडी आली, बाहेरचे झाले, अशा शब्दांत ती मिसळून गेली. दारव्हा, दिग्रस, पुसद भागातल्या बंजारा तांड्यांत काय किंवा जिल्ह्याच्या पूर्वेकडे कोलामांच्या पोडांवर काय, हीच रीत होती. आणि गंमत अशी की विषाणूजन्य मेनिंजायटिसचे एक मोठे जुने कारण म्हणजे गालगुंड. गाल फुगलेल्या मुलाचे डोके दोन दिवस फार दुखले, त्याने उलट्या केल्या, तर घरच्यांनी ते गालगुंडाच्याच खात्यावर टाकले. ते चूकही नव्हते. पण त्यामुळे मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेला विषाणू नेहमीच दुसऱ्याच्या नावावर नोंदला गेला.

आता सरकारी वह्यांकडे वळू. वऱ्हाड प्रांत निजामाने १८५३ मध्ये इंग्रजांच्या हवाली केला. दारव्हा तेव्हाच्या वणी जिल्ह्यातला तालुका होता; त्या जिल्ह्याचे नाव १९०५ मध्ये यवतमाळ झाले. या मुलखात इंग्रजांना रस कशाचा होता हे लपून राहिलेले नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. १८६०च्या दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला आणि रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने पेऱ्याचे, भावाचे, गाठींचे अहवाल काटेकोरपणे विलायतेला पाठवले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत अरुंद मापाची रेल्वे आली, जिला लोक शकुंतला म्हणतात. दारव्हा-मोतीबाग स्थानकातून पुसदकडे एक फाटा गेला आणि नंतर उखडलाही गेला. कापसाची गाठ जिनिंगमधून निघाल्यापासून बंदरात पोहोचेपर्यंत किती ठिकाणी मोजली जात असेल याचा हिशोब करून पाहावा. त्याच मुलखात मेलेल्या मुलाची नोंद मात्र एकदाच होई आणि ती करणारा गावचा पाटील किंवा कोतवाल असे.

या नोंदीचे रकाने ठरलेले होते: पटकी, देवी, प्लेग, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात, ताप आणि इतर सर्व. हिंदुस्थानभरच्या आरोग्य अहवालांत दरवर्षी सर्वांत मोठा रकाना तापाचा असे आणि तो मोठा का आहे हे अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक होते. कोतवालाला जो आजार ओळखता येत नसे तो ताप. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, मेंदूचा दाह, सगळे त्यात गेले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला देशातल्या सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांत नेऊन ठेवले. ते मृत्यूसुद्धा मोठ्या प्रमाणात तापाच्याच रकान्यात जमा झाले. एवढ्या मोठ्या साथीला जिथे स्वतःचा रकाना मिळाला नाही, तिथे पोराच्या ताठलेल्या मानेला कुठून मिळणार? यात कोतवालाला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. त्याच्याकडून जे विचारले गेले ते त्याने लिहिले. मेंदूच्या आवरणाच्या दाहाची जी काही बरी नोंद त्या काळात झाली ती तुरुंगांतली आणि पलटणींतली, कारण रोज हजेरी घेणारा आणि मेल्यावर शवविच्छेदन करणारा डॉक्टर तिथेच होता. म्हणजे वसाहतीच्या काळात कैद्याचा मेनिंजायटिस विज्ञानाच्या दृष्टीने अस्तित्वात होता आणि कुणब्याच्या पोराचा नव्हता.

शिवाय त्या नोंदवहीत एक मूलभूत उणीव होती, जी आजच्या आपल्या व्यवस्थेतही उरली आहे. त्या वहीत आजाराची नोंद फक्त मेलेल्यांची होई. बरा होणारा आजार मृत्यूच्या वहीत येतच नाही. त्याला इतिहासात प्रवेश मिळायचा तर मूल इस्पितळात दाखल व्हावे लागते आणि तेवढ्याने भागत नाही. मणक्यातून सुई घालून मेंदूभोवतीचे पाणी काढावे लागते. ही पद्धत जर्मनीत क्विन्के याने १८९१ मध्ये रूढ केली. त्या पाण्यात पेशी वाढलेल्या आहेत पण जिवाणू नाहीत, आणि मूल बरे होत आहे, असे काही रुग्ण स्वीडनच्या वॉलग्रेन याने १९२५ च्या सुमारास एकत्र मांडले, तेव्हा कुठे या आजाराची वेगळी ओळख पटली. म्हणजे या रोगाची व्याख्याच मुळी सुईशिवाय होत नाही. ज्या गावात सुई नाही, त्या गावात हा रोग असूच शकत नाही. तिथे फक्त ताप असतो. आपल्याकडे सुई आली तरी तिच्याविषयीची भीतीही सोबत आली. पाठीतले पाणी काढले की पोर अधू होते, हा समज अजून गेलेला नाही. त्यात थोडे तथ्यही दडलेले आहे, फक्त कार्यकारणभाव उलटा आहे: ज्या मुलांचे पाणी काढले गेले ती बहुधा इतक्या उशिरा पोहोचलेली असत की त्यांना अधूपणा येणारच होता.

दारव्ह्यापासून सुई किती दूर होती, हा म्हणूनच इतिहासाचा प्रश्न आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे. सेवाग्रामचे १९६९ चे. यवतमाळला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले १९८९ मध्ये, वसंतराव नाईकांच्या नावाने. दारव्हा ते यवतमाळ अंतर चाळीसेक किलोमीटर. यवतमाळ ते नागपूर दीडशेच्या घरात. शकुंतलेचा वेग पाहता पावसाळ्यात शुद्ध हरपत चाललेले मूल घेऊन मूर्तिजापूर गाठायचे आणि तिथून मोठ्या गाडीने पुढे जायचे, हा विचारच कुणी फारसा केला नसेल. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आली २०१४ मध्ये. या तारखा एका ओळीत ठेवल्या तर लक्षात येते की दारव्हा तालुक्यातल्या मुलाच्या मेनिंजायटिसचे निदान दिवस मावळायच्या आत होऊ शकेल अशी परिस्थिती फार तर तीन-साडेतीन दशकांची आहे. त्याआधीचे दाखल रुग्णांचे आकडे कुणी शोधून काढलेच, तर ते नागपूर आणि अमरावती शहरांचे आकडे निघतील. गावांचे नव्हेत.

चांदीपुऱ्याची कथा इथे येते, कारण ती विदर्भातली सर्वांत चांगली नोंदली गेलेली कथा आहे आणि माझ्या म्हणण्याला तिच्याइतका पक्का आधार दुसरा नाही. १९६५ मध्ये नागपूर भागात डेंग्यू आणि चिकुनगुन्याची साथ चालू होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे लोक तिचा तपास करत होते. हे केंद्र १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने सुरू झाले होते आणि पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू संस्था बनले. चांदीपुऱ्यातल्या दोन तापकऱ्यांच्या रक्तातून भट आणि रॉड्रिग्ज यांना एक विषाणू मिळाला, जो अपेक्षित दोन्हींपैकी नव्हता. १९६७ मध्ये त्यांनी तो जाहीर केला. शोधायला गेले एक आणि सापडले दुसरे; पण सापडले ते शोधणारे तिथे गेले म्हणून. काही वर्षांतच महाराष्ट्रातल्या वाळूमाश्यांमध्येही तो विषाणू मिळाला. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यातल्या ओलसर अंधारात वाढणारी ही डासापेक्षाही लहान माशी दारव्ह्याच्या काळ्या मातीच्या मुलखाला काही परकी नव्हती. तरी पुढची जवळजवळ चाळीस वर्षे हा विषाणू किरकोळ समजला गेला. १९८० मध्ये मेंदूविकाराने आजारी झालेल्या एका मुलाच्या शरीरातून तो रायपूर भागात मिळाला, तरीही फार हालचाल झाली नाही.

मग २००३ चा उन्हाळा संपता संपता आंध्र प्रदेशात, आजच्या तेलंगणातल्या करीमनगर, वरंगल भागांत, मुले पटापट बेशुद्ध होऊ लागली. सकाळी ताप, रात्री झटके, दुसऱ्या दिवशी मृत्यू. नोंदलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली आणि पुण्याच्या संस्थेने त्यामागे चांदीपुरा विषाणू असल्याचे सांगितले. विदर्भातही त्या वर्षी मुले दाखल झाली. २००७ मध्ये नागपूर विभागात पुन्हा साथ आली. नोंदलेल्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मरण पावली आणि तपासलेल्यांपैकी मोठ्या भागात चांदीपुरा सापडला. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. अभ्यास नागपूर विभागाचा होता. यवतमाळ जिल्हा अमरावती विभागात येतो. वर्धा नदीच्या अलीकडे एक विभाग, पलीकडे दुसरा. तेलंगणाच्या बाजूने पाहिले तरी पैनगंगेच्या एका काठावर आदिलाबाद आणि दुसऱ्या काठावर यवतमाळ. वाळूमाशी महसूल खात्याच्या हद्दी पाळत नाही हे सांगायला विषाणुतज्ज्ञ लागत नाही. पण वैज्ञानिक निबंध त्या हद्दी पाळतात, कारण पैसा, माणसे आणि अहवाल त्या हद्दींमधून वाहतात. त्यामुळे दोन मोजलेल्या मुलखांच्या मधोमध असलेला एक मुलूख न मोजलेला राहू शकतो आणि नकाशावर तो निरोगी दिसतो.

चांदीपुऱ्याच्या निदानावरही वाद झाला, तो सांगितलाच पाहिजे. वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन आणि काही बालरोगतज्ज्ञांनी शंका घेतली की आंध्रातली मुले खरोखर एन्सेफलायटिसने गेली की मेंदूच्या रक्तपुरवठ्याला बसलेल्या एखाद्या झटक्याने. बिहारमधल्या मुजफ्फरपूरचे उदाहरण अशा शंकांना बळ देते. तिथे वर्षानुवर्षे जिला मेंदूज्वर म्हटले गेले, ती २०१४ च्या तपासात रिकाम्या पोटी खाल्लेल्या लिचीतल्या विषारी द्रव्याची आणि त्याने कोसळलेल्या साखरेची बाधा निघाली. म्हणून, मी जेव्हा म्हणतो की मोजणी अपुरी होती, तेव्हा प्रत्येक न मोजलेला ताप विषाणूचाच होता असा माझा दावा नाही. उलट, नाव देण्याची घाई हीसुद्धा मोजणीच्या अभावाचीच दुसरी बाजू आहे. ज्याचे पाणी तपासले नाही त्याला काहीही म्हणता येते.

साथींच्या धक्क्याने देशात देखरेखीची व्यवस्था उभी राहिली. २००६ च्या सुमारास जपानी मेंदूज्वराच्या देखरेखीसाठी एक व्यापक व्याख्या स्वीकारली गेली: अचानक ताप आणि सोबत मानसिक स्थितीत बदल किंवा नव्याने आलेले झटके. तिचे इंग्रजी आद्याक्षरी नाव एईएस. सरकारी डॉक्टरांच्या तोंडी आता हेच नाव बसले आहे. ही व्याख्या उपयोगाची आहे, तिने जीव वाचवले आहेत. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये चांदीपुरा उसळला तेव्हा ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात एईएसचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले, ६४ जणांत विषाणूची खात्री झाली. हे आकडे इतक्या लवकर हाती आले ते याच चौकटीमुळे. पण तिच्या शब्दांकडे पुन्हा पाहा. मानसिक स्थितीत बदल किंवा झटके. डोके धरून कण्हणारे, उलट्या करणारे, मान ताठलेले पण आईला नीट ओळखणारे मूल या व्याख्येत बसत नाही. म्हणजे विषाणूजन्य मेनिंजायटिसचा नेहमीचा रुग्ण व्याख्येनेच बाहेर राहिला. रोगनिरीक्षणाच्या तक्त्यात मेनिंजायटिसची ओळ आहे; ती विषाणूचा, जिवाणूचा, क्षयाचा असा भेद करत नाही. एका शतकापूर्वी सगळ्या तापांची एक ओळ होती. आता सगळ्या मेनिंजायटिसची एक ओळ आहे. प्रगती झाली हे खरे, पण ती कोणत्या जातीची झाली हेही पाहावे.

इथे सरळ आक्षेप येतो: कशावरून हा आजार दारव्ह्यात होता? न मोजलेल्या गोष्टी गृहीत धरायला लागलो तर इतिहास उरणार नाही, नुसती कल्पना उरेल. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर पोलिओत आहे. पोलिओचा विषाणू आणि विषाणूजन्य मेनिंजायटिस घडवणारे कॉक्सॅकी, एको वगैरे विषाणू एकाच कुळातले. राहतात आतड्यात, पसरतात मैल्यातून, पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून. पोलिओच्या उच्चाटनासाठी १९९७ पासून देशात लुळेपणाची देखरेख सुरू झाली. कुठल्याही गावात पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की अधिकारी धावत जात, चोवीस तासांच्या अंतराने मैल्याचे दोन नमुने घेत आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवत. महाराष्ट्रातले नमुने मुंबईच्या परळला एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रात जात. देशभरच्या या नमुन्यांत पोलिओ कमी होत गेला, पण पोलिओ नसलेले त्याच कुळातले विषाणू सातत्याने, मोठ्या प्रमाणात सापडत राहिले. जिथे एकेकाळी पोलिओ होता, तिथे त्याची भावंडेही होती. यात कल्पनेला फार जागा उरत नाही. आणि हीच देखरेख दुसरी गोष्टही सिद्ध करते. ठरवले तर तांड्यावरच्या आणि पोडावरच्या मुलाचा नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो. रस्ता नव्हता, शिक्षण नव्हते, लोक अंधश्रद्ध होते, ही कारणे पोलिओच्या वेळी आड आली नाहीत. १३ जानेवारी २०११ ला हावडा जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. लुळा पाय मोजायचा असे ठरले होते. ताठ मान मोजायची असे कधी ठरलेच नाही.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. मोजणीवर तुमचा एवढा भर आहे, पण तुम्हीच म्हणता की आकडे रोगाविषयी नव्हे तर मोजणाऱ्यांविषयी सांगतात; मग मोजून काय साधले? इंग्लंडचे उदाहरण घेऊ. तिथे इस्पितळात दाखल होणाऱ्यांची नोंद दशकानुदशके सांभाळली गेली, आणि मुलांच्या विषाणूजन्य मेनिंजायटिसचे १९६८ ते २०११ असे सलग चित्र संशोधकांना काढता आले. त्यात दोन गोष्टी दिसल्या. १९८८ मध्ये गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस आली आणि गालगुंडाचा मेनिंजायटिस जवळपास नाहीसा झाला. ही रोगाची गोष्ट. उलट अलीकडच्या वर्षांत तीन महिन्यांच्या आतील तान्ह्यांमध्ये आकडा चढत गेला आणि त्याचे एक संभाव्य कारण म्हणजे विषाणूची जनुकीय तपासणी सर्रास होऊ लागली. ही मोजणीची गोष्ट. दोन्ही एकाच आलेखात मिसळलेल्या आहेत, पण आलेख असल्यामुळेच त्या सोडवता आल्या. त्याच देशात त्या लसीच्या काही प्रकारांत वापरलेला गालगुंडाचा उराबे हा वाण १९९२ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण नॉटिंगहॅमच्या प्रयोगशाळेने मणक्यातल्या पाण्याच्या नोंदी लसीकरणाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. पुढच्या अभ्यासात सुमारे अकरा हजार डोसांमागे एक सौम्य मेनिंजायटिस, असे प्रमाण निघाले; आधी गृहीत धरले होते त्याहून कितीतरी जास्त. डॉक्टरांनी आपणहून कळवलेल्या आकड्यांत ते लपून राहिले होते. आकडे संशयाने वाचावेत, याचा अर्थ ते नसावेत असा होत नाही. नसलेल्या आकड्यावर संशयसुद्धा घेता येत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. आजार आपोआप बरा होतो, त्याला खास औषध नाही, मग तालुक्याच्या डॉक्टरने त्याच्यामागे का लागावे? कारण पहिल्या सहा तासांत हे मूल आणि जिवाणूच्या मेनिंजायटिसचे मूल सारखेच दिसते. दारव्ह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा खासगी बालरोगतज्ज्ञाकडे ताठ मानेचे मूल आले की शहाणा डॉक्टर धोका पत्करत नाही: प्रतिजैविकाची पहिली सुई आणि यवतमाळची चिठ्ठी. हे योग्यच आहे. पण पुढे यवतमाळला, सेवाग्रामला किंवा नागपूरला पाण्याची तपासणी होऊन ते विषाणूचे निघाले, तर ती बातमी दारव्ह्याला परत येत नाही. चिठ्ठी एका दिशेने जाते. त्यामुळे त्या डॉक्टरला आपल्या तालुक्यात भाद्रपदात कुठला विषाणू फिरतो, दर दहा ताठ मानांमध्ये किती खरोखर धोक्याच्या असतात, हे वीस वर्षांच्या सेवेनंतरही अनुभवाच्या अंदाजानेच ठरवावे लागते. दोन-दोन आठवडे सलाईनवर राहिलेली आणि त्या काळात बापाची मजुरी बुडवलेली किती मुले चौथ्या दिवशी घरी जाऊ शकली असती, याचा हिशोब कुणाकडे नाही. आजार सौम्य असेल. तो न ओळखण्याची किंमत सौम्य नाही.

आणि धोरणाचे काय? महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, शाळाशाळांत सुया टोचल्या गेल्या. त्या लसीत गालगुंड नव्हते. सरकारी कार्यक्रमात ते आजही नाही. खासगीत पैसे मोजणाऱ्यांना मिळते. गालगुंडाचा बोजा देशात फार नाही, मृत्यू जवळजवळ नाहीत, हे त्यामागचे तर्कशास्त्र. पण बोजा कसा ठरवला? दाखल रुग्णांवरून आणि मृत्यूंवरून. गालगुंडाने मेंदूच्या आवरणाला सूज आलेले मूल ना मृत्यूच्या वहीत, ना एईएसच्या तक्त्यात, ना गालगुंडाच्या नावे इस्पितळाच्या आकड्यात. मोजले नाही म्हणून बोजा नाही, बोजा नाही म्हणून लस नाही, लस नाही म्हणून आजार चालू आणि पुन्हा त्याची मोजणी नाही. लस द्यावीच, असा माझा आग्रह नाही; पैसा मर्यादित आहे आणि गोवर खरोखर मारतो, म्हणून गोवर आधी, हे मला पटते. फक्त त्या निर्णयाला पुराव्याचा निर्णय म्हणू नये. तो पुराव्याच्या अनुपस्थितीत घेतलेला निर्णय आहे.

करोनाच्या काळात आरटी-पीसीआर यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. मणक्यातल्या पाण्यातला एन्टेरोव्हायरस ओळखायला तंत्र तेच लागते, फक्त तपासणीचा संच वेगळा. म्हणजे शंभर वर्षांत पहिल्यांदाच दारव्ह्याचा नमुना तपासण्याची सोय चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात आणणे अशक्य राहिलेले नाही. यवतमाळहून दारव्ह्याला उलट चिठ्ठी पाठवायची पद्धत पाडायला तर यंत्रही लागत नाही. एक कारकून, एक वही आणि निदानाचा एक रकाना एवढ्यावर भागते.

राहिली ती कोतवालाची जुनी वही. विदर्भातल्या तहसील कार्यालयांत कोतवाल बुके अजून जपून ठेवलेली आहेत आणि त्यांच्या नकलांसाठी आज जितकी गर्दी होते तितकी पूर्वी कधी झाली नसेल. जात पडताळणीसाठी पणजोबाच्या किंवा त्याच्या लहानपणी गेलेल्या भावंडाच्या नोंदीतला जातीचा रकाना लोक शोधतात, त्याची साक्षांकित प्रत घेतात आणि समितीपुढे ठेवतात. त्याच ओळीत पुढे मरणाचे कारण लिहिलेले असते. बहुतेक ठिकाणी तिथे एकच शब्द आहे: ताप.